उभी राहिलेली गाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. त्याचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी सहा-सात जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "घरी वडिलांची जुनी गाडी उभी आहे, चालू होईल का?" सोबत फोटो. फोटोत एक ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर, आणि खाली गाडी असावी असा अंदाज. दर वेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच समोरासमोर सांगून टाक, असं ठरलं. भाषण करायची सवय मला नाही. १९७९ साली दहावी झाल्यावर मी आयटीआयला गेलो आणि तेव्हापासून पाना हातात आहे. त्यामुळे बोलणं गॅरेजमधलं असेल, ते बाईंनी आणि सरांनी चालवून घ्यावं.

आपल्या पिढीच्या घरात उभी असलेली गाडी बहुतेक वेळा फियाटच असते. कुणाची ॲम्बॅसेडर असेल, एखाद्याची जीप, पण फियाट जास्त. आणि या फियाटचा आपल्या गावाशी जुना संबंध आहे. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, आपल्या सोलापूरचा. आपल्यातले कितीतरी जण त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकले. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटं घेण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे भोर घाटातले बोगदे, १९१९ साली सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना, आणि मग मोटार. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जायच्या. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंदशेठ गेले. पुढे रस्तोरस्ती दिसलेली फियाट काही त्यांनी पाहिली नाही.

पहिल्या गोलमटोल गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ते सरांना आठवत असेल. मग १९६४ ची 'डिलाइट'. सत्तरच्या दशकात परदेशी कंपनीशी करार संपल्यावर तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि नंतर 'पद्मिनी'. नाव काहीही असो, आपल्यासाठी ती फियाटच राहिली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबरची वाट बघत. गाडी आली की पेठेतली माणसं नारळ फोडायला जमायची. म्हणून ती गाडी भंगारात द्यायची म्हटली की घरात आवाज चढतात. नव्या गाडीच्या बाबतीत असं होत नाही.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट तुम्ही पेपरात वाचली असेल. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे या ३० ऑक्टोबरपासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ती बातमी आली त्या आठवड्यात मला ग्रुपवरून चार फोटो आले! तेव्हा आता मुद्द्यावर येतो.

गाडी चालवून झिजते हे सगळ्यांना माहीत आहे. पण उभी राहूनही ती खराब होते, आणि काही बाबतींत जास्त. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, डिंकासारखा थर राहतो. तो टाकीत, पाइपात आणि कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. अर्धी रिकामी टाकी रात्री गार, दिवसा गरम होते. आत हवेतलं पाणी जमतं, पत्र्याला गंज धरतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात आणि पिस्टन जागच्या जागी धरतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. बॅटरी काही महिन्यांतच मरते. इंजिनात ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, तिथे ओल शिरून पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरतात. आणि उंदीर. वायरिंग कुरतडून सीटच्या काथ्यात बाळंतपणं करायला उंदराला उभ्या फियाटसारखी दुसरी जागा नाही.

सोलापूरच्या बाबतीत एक बरं आहे आणि एक वाईट. बरं हे की आपली हवा कोरडी. मुंबईत किंवा रत्नागिरीत जी गाडी पाच वर्षांत खालून चाळणी होते, ती इथे पंधरा वर्षं टिकते. वाईट हे की आपल्या उन्हात रबर टिकत नाही. एप्रिल-मेचे ते दिवस तुम्हाला माहीत आहेत. टायर, होज पाइप, काचेच्या बिडिंग, ब्रेकची वायसरं, सगळं कडक होऊन चिरतं. म्हणून आपल्याकडच्या गाडीचा पत्रा बघून खूश होऊ नका, रबर बघा.

आता एक खरी गाडी सांगतो, म्हणजे नुसतं व्याख्यान होणार नाही. ती आपल्याच बॅचमधल्या एका मित्राच्या घरची. तो आज इथे आहे. त्याची परवानगी घेतली आहे, पण नाव घेणार नाही, उगाच तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसाल. वडील वकील. १९७८ ची पद्मिनी. वडील गेल्यावर गाडी वाड्याच्या मागच्या पडवीत लागली ती १४ वर्षं तिथेच. आई ८६ वर्षांच्या. मित्र पुण्यात, बहीण इथे सोलापुरात. वाडा पाडून इमारत व्हायची ठरली आणि दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायची होती. म्हणजे गाडीचा निकाल चार महिन्यांत लावायचा होता. मित्र म्हणत होता, भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हावं, पुण्याच्या पार्किंगमध्ये एकच गाडी बसते. बहीण म्हणत होती, बाबांची गाडी कापायला द्यायची नाही. दोघांत बोलणं इतकं ताणलं की एकमेकांना फोन करायचे ते माझ्यामार्फत. आईंना कुणी विचारलं नव्हतं.

मी दोघांना सांगितलं, भांडण दोन दिवस थांबवा, आधी गाडीला विचारू. फियाटला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. खालचा पत्रा आणि त्याच्या पेट्या हाच तिचा कणा. दार, मडगार्ड, बोनेट सडलं तर डेंटर नवं लावतो. कणा सडला असेल तर रंग कितीही चकचकीत दिला तरी ती गाडी रस्त्यावर नेणं धोक्याचं. म्हणून ठरलं असं: खाली झोपून स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघायचं. लोखंडाचा आवाज आला तर गाडी करायची, स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर भंगार, आणि मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही. दोघांनी मान्य केलं. माझ्याकडचे जुने मिस्त्री पडवीत आडवे झाले आणि अर्धा तास ठोकत होते. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा वीतभर गेला होता. बाकी पेट्या आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बसतात त्या जागा, सगळं ठणठणीत. वीतभर पत्र्याला तुकडा लागतो. गाडी करायची ठरली.

इथे प्रत्येकाचा हात शिवशिवतो. नवी बॅटरी आणायची, लावायची आणि किल्ली फिरवायची. व्हिडिओ काढायला पोरं फोन धरून उभी असतात. मंडळी, हे करू नका. कोरड्या सिलिंडरमध्ये धरलेल्या रिंगा सेल्फच्या जोरावर ओढल्या तर रिंग तुटते, भिंतीला ओरखडे पडतात आणि हजारात भागणारं काम लाखाच्या दिशेने जातं. टाकीतला गंज पंपात आणि कार्बोरेटरमध्ये जातो तो वेगळाच.

आम्ही केलं ते क्रमाने सांगतो. आधी चारही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडलं आणि चार दिवस हातही लावला नाही. पाचव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघितलं. किंचित हललं. मिस्त्री म्हणाले, "आता जोर नका करू, आज एवढंच पुरे." पुन्हा ऑइल, पुन्हा दोन दिवस. मग इंजिन पूर्ण दोन फेरे फिरलं. हे कळायला आठवडा लागला, पण खर्च जवळजवळ काही नाही. इंजिन धरलेलं असेल तर ते याच वेळी कळतं, पैसे घालायच्या आधी.

मग जुनं ऑइल काढलं, नवं घातलं, फिल्टर बदलला. टाकी उतरवली. टाकीबद्दल दोन गोष्टी जिवाच्या आहेत. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंग किंवा विडी-काडी काहीही न्यायचं नाही. आणि नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं नाही. आमच्या धंद्यात त्या सवयीने छाती गमावलेली माणसं मी बघितली आहेत. टाकी धुऊन निघाली तेव्हा आतून चहाच्या रंगाचा गाळ आला. कार्बोरेटर खोलून प्रत्येक जेट हवेने साफ केलं. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर पांढरट थर होता, तो बारीक पॉलिश पेपरने काढला. क्लच चिकटला होता. पॅडल दाबून त्याला लाकडाचा ठोकळा लावून ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सुटला होता.

एक नवी अडचण आहे, ती तुमच्या वडिलांच्या वेळी नव्हती. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं; २०२३ साली ते दहा टक्के आणि काही पंपांवर वीस टक्के होतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं असणार, त्याला नावं कशी ठेवू! पण इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीतला जुना डिंक सोडवून पुढे ढकलतं. म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा नव्या पेट्रोलला टिकणारे घालावे लागतात. जुना पाइप दिसायला चांगला असला तरी ठेवू नये. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना गाडीची टाकी न वापरता बाहेरच्या छोट्या डब्यातून पेट्रोल दिलं. शेजारी आग विझवायचं नळकांडं. पडवीचं दार उघडं, कारण बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला न कळत झोपवतो. आधी प्लग न लावता सेल्फ फिरवला, ऑइल वर चढलं, प्रेशरचा लाल दिवा विझला. मग प्लग लावले, वायरी १-३-४-२ या क्रमाने. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन बोललं. खूप धूर झाला, कारण आत घातलेलं ऑइल जळत होतं. पोरं घाबरली, मिस्त्री हसले.

आणि इथे मित्राने पुण्याहून फोन केला, "झालं ना? मग रविवारी येतो, चालवून बघू." मी म्हटलं, गाडी चालू झाली आहे, थांबायची शिकायची आहे. इंजिन पंधरा दिवसांत बोललं होतं. रस्त्यावर यायला साडेतीन महिने लागले, आणि त्यातला मोठा वेळ ब्रेकला गेला. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम काढले तर दोन सिलिंडर गंजाने धरलेले, लायनर सुटून आलेले. पॅडल मात्र पायाला कडक लागत होतं! हाच धोका आहे. जाम झालेला ब्रेक पायाला चांगलाच वाटतो. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी पाइप, सगळं नवं. लोखंडी नळी जिथे गंजलेली दिसली तिथे नवी. काही भाग सोलापुरात मिळेना, पुण्यात मिळेना. शेवटी आले मुंबईहून, कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून. गाडी जिथे जन्मली त्याच उपनगरातून!

टायरची गोष्ट थोडक्यात. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ०८०९ म्हणजे २००९ सालचा आठवा आठवडा. चार आकडेच नसतील, तीनच असतील, तर तो टायर गेल्या शतकातला. घरी जाऊन आपल्या रोजच्या गाडीचेही बघा. उभ्या गाडीचे पाचही टायर बदलायचे, स्टेपनीसुद्धा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरायची आपली सवय सोडा. त्याच्या क्षाराने आतल्या नळ्या बंद होतात आणि मे महिन्यात पुणे रोडवर गाडी उकळते.

आता कागद. गाडी करायच्या आधी आरसी शोधा, नाहीतर केलेली गाडी अंगणातच राहील. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, फॉर्म २५ वर. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याची फी ६०० वरून ५००० रुपये झाली होती. शिवाय पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर त्याचा दंड, पीयूसी आणि निदान थर्ड पार्टी विमा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावे करावी लागते, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. भावंडांचं बोलणं चालू असतानाच सह्या घेऊन ठेवा, हा अनुभवाचा सल्ला. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी "एवढ्या जवळ तर जायचंय" म्हणून रस्त्यावर काढू नका. आम्ही ती टेम्पोवर चढवून नेली.

दिल्लीत २०२३ साली १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई होती, तसं आपल्याकडे होईल का, असं काही जण विचारतात. आज महाराष्ट्रात खासगी गाडीला असं ठरावीक वय नाही. तपासणीत ती पास व्हायला हवी. गाडी ५० वर्षांवरची असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण मग ती रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरती. आपल्या बहुतेकांच्या गाड्या अजून त्या वयाच्या नाहीत. गाड्यांचे मालक मात्र साठीचे झालेत.

प्रत्येक गाडी करावीच, असं मी म्हणत नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण तीन ठिकाणी मी नाही म्हणतो. कणा सडलेला असेल तर. कागद सापडत नसतील आणि वारसांत वाद असेल तर. आणि तिसरं, ती चालवणार कोण, याचं उत्तर घरात नसेल तर. भावनेच्या भरात खर्च करून गाडी चकचकीत करायची आणि पुन्हा ताडपत्रीखाली ठेवायची, तर सहा महिन्यांत ती होती तिथे येते. आठवड्यातून एकदा, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, निदान अर्धा तास गाडी रस्त्यावर फिरली पाहिजे. जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि ब्रेकला काही व्यायाम होत नाही. चालवणारं माणूस नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याला द्या. तेही नसेल तर नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढा आणि दाखला घ्या, म्हणजे वडिलांच्या नावावरची नोंद रीतसर बंद होते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

त्या पद्मिनीचं काय झालं ते सांगतो. दिवाळीच्या आधी ती वाड्याच्या दारात उभी राहिली. आईंना खुर्चीवरून उठवून पुढच्या सीटवर बसवलं. सात रस्ता, पार्क चौक, सिद्धेश्वर तलावाच्या कडेने एक फेरी. आई काही बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "हॉर्न असा नव्हता हिचा." खरंच, हॉर्न आम्ही दुसरा बसवला होता! मग त्यांनी सांगितलं, गाडी मुलीकडे ठेवा, मुलगा पुण्याला नेऊन पुन्हा उभीच करेल. चार महिने दोघं भांडत होते, त्याचा निकाल त्यांनी अर्ध्या मिनिटात लावला. बहिणीला दांड्याचा गिअर येत नव्हता. मिस्त्रींनी तिला आठ दिवस सकाळी होटगी रोडला शिकवलं, वयाच्या ५७ व्या वर्षी. आता दर रविवारी ती गाडी काढते. मित्र पुण्याहून आला की शेजारी बसतो. त्याला अजून चालवायला मिळालेली नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो गाडीपेक्षा मोठा आहे. या गाडीचं काम केलं ते मिस्त्री आज सत्तरीच्या पुढे आहेत. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी आणि गाडीशी काय बोलतात ते त्यांनाच माहीत. कार्बोरेटरचा स्क्रू ते डोळे मिटून आवाजावर लावतात. माझ्या गॅरेजमधल्या तरुण पोरांना संगणक लावून नव्या गाडीचा दोष शोधता येतो, ते त्यात माझ्यापेक्षा हुशार आहेत. पण पॉइंट, कार्बोरेटर, ड्रम यांच्यापुढे ती गप्प होतात, कारण कुणी शिकवलेलं नाही. आपण गिरणगावात वाढलो. आपल्या कितीतरी जणांचे वडील, आजोबा गिरणीच्या भोंग्यावर उठायचे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडल्या. यंत्रं भंगारात गेली हे आपण बघितलं. पण त्या यंत्रांचा आवाज ऐकून कुठला भाग झिजलाय हे सांगणारे जॉबर आणि फिटरही त्यांच्याबरोबर घरी बसले, आणि त्यांना जे येत होतं ते कुणी त्यांच्याकडून शिकून घेतलं नाही. ते कुठल्याच भंगारात विकत मिळत नाही.

त्या पद्मिनीवर मिस्त्रींच्या हाताखाली १९ वर्षांचा एक मुलगा सुरुवातीपासून होता. मी मुद्दाम ठेवला होता. साडेतीन महिन्यांत त्याने पूर्ण गाडी उघडली आणि जोडली. या महिन्यात दुसरी फियाट आली आहे, कार्बोरेटर त्याने एकट्याने लावला. मिस्त्रींनी फक्त एकदा मान हलवली.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांच्या घरी गाडी, स्कूटर, शिलाई मशीन, पाण्याचं जुनं इंजिन, काहीही उभं आहे, त्यांनी ते करायचं की मोडायचं हे या वर्षी ठरवावं. करायचं असेल तर मिस्त्रींबरोबर शिकायला आपल्या शाळेतून तांत्रिक विषय घेतलेली दोन मुलं, किंवा मुली, घेऊन यायची जबाबदारी मी घेतो. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर. मुख्याध्यापकांशी मी आत्ताच बोललो, पालकांची लेखी परवानगी घेऊन पाठवू म्हणाले. हत्यारं माझी, गॅरेज माझं. गाड्या तुम्ही द्या. मिस्त्री अजून दोन-तीन वर्षं येतो म्हणाले आहेत, त्यापेक्षा जास्त मी त्यांच्याकडे मागू शकत नाही.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. चार स्ट्रोकचं इंजिन बाईंनी आम्हाला फळ्यावर खडूने शिकवलं होतं, शोषण, दाबण, ज्वलन, निष्कासन. बाई, त्या चार शब्दांवर माझं घर चाललं. या शनिवारच्या वर्गाला पहिल्या दिवशी तुम्ही यावं, अशी सगळ्या बॅचच्या वतीने विनंती करतो.

उद्या रविवार असला तरी गॅरेज सकाळी नऊ ते बारा उघडं आहे. ज्यांना गाडीबद्दल विचारायचं आहे त्यांनी यावं, चहा आहे. फोटो नको, आरसी आणा. आणि तोपर्यंत कुणीही सेल्फ मारू नका.